भाड्याच्या निवासी इमारतींतील धूम्रपानमुक्ती

भाड्याच्या निवासी इमारतींतील धूम्रपानमुक्ती म्हणजे ज्या बहुमजली इमारतींत मालक आणि भाडेकरू शेजारी शेजारी राहतात, तेथे जिने, लिफ्ट, व्हरांडे, गच्ची अशा सामाईक जागांत आणि काही ठिकाणी सदनिकांच्या आतही धूम्रपान न करण्याचा नियम स्वीकारणे होय. भारतात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मात्र खासगी घर या कायद्याच्या कक्षेत येत नाही. एका घरातील धूर दुसऱ्या घरात शिरतो तेव्हा त्यावरचा उपाय सोसायटीचे उपविधी, भाडेकरार आणि उपद्रवविषयक सर्वसाधारण कायदा यांत शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कायदेशीर स्थितीचा आढावा घेतला असून, इमारतींच्या रचनेसाठी ठाणे शहरातील नौपाडा या दाट वस्तीच्या भागाचे उदाहरण घेतले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

धूम्रपान या संज्ञेत सिगारेट, बिडी, चिरूट, चिलीम आणि हुक्का यांचा समावेश होतो. तंबाखू, गुटखा किंवा मशेरी यांचे सेवन धूरविरहित असल्याने ते या संज्ञेत येत नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र कायद्याने बंदी घातली आहे.

इमारतीतील धूम्रपानमुक्तीचे साधारणपणे तीन टप्पे मानता येतात. पहिल्यात जिने, लिफ्ट, प्रवेशद्वार, मीटरची खोली अशा बंदिस्त सामाईक जागा येतात. दुसऱ्यात गच्ची, आवार, वाहनतळ आणि सदनिकांच्या गॅलऱ्या येतात. तिसऱ्या टप्प्यात सदनिकांचा अंतर्भागही धरला जातो. पहिला टप्पा कायद्याच्या सर्वांत जवळचा, तर तिसरा सर्वाधिक वादाचा आहे.

‘धूम्रपानमुक्त इमारत’ आणि ‘धूम्रपान न करणाऱ्यांची इमारत’ या दोन भिन्न कल्पना आहेत. पहिलीत विशिष्ट जागी विशिष्ट कृती करण्यास मनाई असते. दुसरीत त्या सवयीच्या माणसालाच घर नाकारले जाते. धूम्रपानमुक्तीच्या धोरणाचा संबंध पहिल्या कल्पनेशी आहे.

आरोग्यविषयक आधार

दुसऱ्याने ओढलेल्या बिडी-सिगारेटचा धूर श्वासावाटे घेण्यास परोक्ष धूम्रपान असे म्हणतात. या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. जपानमधील रोगपरिस्थितिशास्त्रज्ञ ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्या पतींच्या स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पत्नींमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले होते. घरातील धुराकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्यास या अभ्यासामुळे चालना मिळाली.

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालानुसार, परोक्ष धूम्रपानामुळे प्रौढांमध्ये हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. लहान मुलांमध्ये दमा बळावणे, श्वसनमार्गाचे व कानाचे विकार आणि तान्ह्या बाळांचा आकस्मिक मृत्यू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, तसेच खोल्या वेगळ्या ठेवून, हवा शुद्ध करून किंवा वायुवीजन वाढवून धोका पूर्णपणे टळत नाही, हे या अहवालाचे महत्त्वाचे निष्कर्ष आहेत. ‘खिडकी उघडी ठेवली की पुरे’ हा इमारतींमधील सर्वसाधारण समज त्यामुळे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ८० लाखांहून अधिक मृत्यू होतात. त्यांतील सुमारे १३ लाख मृत्यू स्वतः धूम्रपान न करणाऱ्यांचे असतात.

भारतातील जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या पहिल्या फेरीत ५२.३ टक्के, तर २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीत ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरात परोक्ष धुराला तोंड द्यावे लागत असल्याचे दिसून आले. दुसऱ्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. म्हणजे राज्यात सुमारे २६ प्रौढांमागे एक जण धूम्रपान करणारा होता. या आकडेवारीला दोन बाजू आहेत. एका व्यक्तीच्या धुराचा उपसर्ग अनेकांना होऊ शकतो ही एक बाजू. आणि धूम्रपान करणारा रहिवासी सोसायटीच्या सभेत जवळजवळ नेहमीच अल्पमतात असतो, ही दुसरी.

नौपाड्यातील इमारतींची रचना

नौपाडा हा ठाणे पश्चिमेतील रेल्वे स्थानकाजवळचा जुना निवासी व व्यापारी भाग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि पुढे स्थानकालगतच्या भागात वस्ती दाट होत गेली. गोखले मार्ग, राम मारुती मार्ग, विष्णुनगर, घंटाळी, भास्कर कॉलनी हे नौपाड्यातील व त्याच्या लगतचे परिचित भाग होत. १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आलेल्या ठाणे महानगरपालिकेच्या नौपाडा-कोपरी प्रभाग समितीत हा परिसर येतो.

येथील गृहरचनेत तीन पिढ्या एकत्र दिसतात: पागडी पद्धतीने भाड्याने दिलेल्या जुन्या चाळी व घरे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती आणि पुनर्विकासातून उभे राहिलेले मनोरे. धुराच्या दृष्टीने प्रत्येकाची रचना वेगळी आहे. चाळीत सामाईक व्हरांड्याला सर्व खोल्यांची दारे उघडतात. त्यामुळे व्हरांड्यात ओढलेली बिडी ही प्रत्येक घराच्या दारातली बिडी ठरते. तीन-चार मजली इमारतीत जिना अरुंद असतो आणि त्यातील उष्ण हवा वर चढत असल्याने तळाचा धूर वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. न्हाणीघरे व शौचालये यांच्या झडपा ज्या बोळवजा शाफ्टमध्ये उघडतात, तोही धुराचा मार्ग असतो. मनोऱ्यांत एकाखाली एक आलेल्या गॅलऱ्या आणि वातानुकूलन यंत्रांसाठी पाडलेली भोके यांतून धूर शेजारच्या घरात जातो.

मुख्य रस्त्यांवरील इमारतींत तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर दवाखाने, शिकवणी वर्ग वा कार्यालये आणि वर बिऱ्हाडे अशी मिश्र रचना सर्रास आढळते. या मिश्र रचनेला कायद्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

केरळ उच्च न्यायालयाने १२ जुलै १९९९ रोजी के. रामकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हे इतरांच्या जीविताच्या हक्कावरील, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ वरील आक्रमण असल्याचा निर्णय दिला. त्यासाठी न्यायालयाने हवा आरोग्यास अपायकारक करण्याविषयीच्या भारतीय दंड संहितेतील कलम २७८ चाही आधार घेतला. त्यानंतर मुंबईतील राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, प्रेक्षागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास देशभर मनाई केली.

पुढे संसदेने सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा अधिनियम संमत केला. तो ‘कोटपा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ अन्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी असून, कलम २१ नुसार उल्लंघनास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक करारास ५ फेब्रुवारी २००४ रोजी अनुसमर्थन दिले. या कराराचे कलम ८ तंबाखूच्या धुरापासून संरक्षण देण्याविषयी आहे.

२ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत कामाची ठिकाणे, मॉल आणि चित्रपटगृहे यांचा स्पष्ट समावेश केला. या नियमांनुसार प्रवेशद्वारापाशी किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर आकाराचा सूचनाफलक लावणे बंधनकारक आहे. एकाहून अधिक मजले असल्यास प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दाराशीही फलक हवा. तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नाव ठळकपणे लावावे लागते आणि तेथे राखपात्र, आगपेटी वा लायटर ठेवता येत नाही.

निवासी इमारतीला कायदा कोठवर लागू होतो

कोटपातील व्याख्येनुसार, हक्काने असो वा नसो, जेथे जनतेचा प्रवेश असतो ते ठिकाण सार्वजनिक ठरते. मोकळी जागा सर्वसाधारणपणे त्यातून वगळली आहे. या व्याख्येच्या आधारे निवासी इमारतीचे तीन भाग पाडता येतात.

दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग वा कार्यालये असलेल्या मजल्यांवर आणि तेथे जाणाऱ्या जिन्यावर बंदी लागू होण्याविषयी फारशी शंका राहत नाही. कारण ती कामाची ठिकाणे असून तेथे लोकांचा राबता असतो. नौपाड्यातील मिश्र इमारतींचे जिने बहुतांशी या वर्गात मोडतात.

केवळ बिऱ्हाडे असलेल्या इमारतीच्या जिन्याबाबत मात्र अर्थ लावण्यास वाव आहे. जिना ही खासगी संस्थेची मालमत्ता आहे, असा एक पक्ष मांडला जातो. पोस्टमन, दूधवाले, घरपोच सेवा देणारे आणि पाहुणे तेथे येतात, शिवाय पहारेकरी, सफाई कामगार व घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचे ते कामाचे ठिकाण आहे, असा दुसरा पक्ष आहे. सोसायटीने स्वतःचा नियम केल्यास हा वाद उरत नाही, आणि धोरण स्वीकारण्याचा हा सर्वांत व्यावहारिक लाभ मानला जातो.

सदनिकेचा अंतर्भाग आणि तिची गॅलरी कोटपाच्या बाहेर राहते. तेथील धुराने शेजाऱ्यांना अपाय होत असल्यास उपद्रवाच्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २७० सार्वजनिक उपद्रवाविषयी, तर कलम २८० हवा आरोग्यास अपायकारक करण्याविषयी असून, नंतरच्या कलमात १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र ही कलमे परिसरातील सर्वसाधारण लोकांना होणाऱ्या त्रासाला उद्देशून आहेत. एका घरातून एकाच घराला होणारा त्रास हा प्रायः दिवाणी न्यायालयाचा विषय ठरतो.

सहकारी संस्थेचे उपविधी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार चालतात. २०१९ मध्ये या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. शासनाच्या आदर्श उपविधींनुसार, इतर सदस्यांना उपद्रव, त्रास वा गैरसोय होईल असे कोणतेही कृत्य सदस्याने आपल्या सदनिकेत करू नये वा करू देऊ नये. या उपविधीत धूम्रपानाचा नामोल्लेख नसला तरी ‘करू देऊ नये’ या शब्दांमुळे सदस्यावर त्याच्या भाडेकरूच्या वर्तनाचीही जबाबदारी येते.

झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे मत मांडले, की उपविधी हे सदस्यांमधील करारासारखे असून ते कायद्याशी विसंगत नसतील तर सदस्यांवर बंधनकारक असतात. सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी या निर्णयाने वैध ठरल्याने त्यावर टीकाही झाली. धूम्रपानाच्या संदर्भात या निर्णयातून दोन गोष्टी लक्षात येतात: सोसायटीच्या हाती नियम करण्याची मोठी शक्ती आहे, आणि ती जपून वापरणे आवश्यक आहे.

धोरण स्वीकारण्याची प्रक्रिया

सोसायटीत धोरण आणण्याचे टप्पे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

१. त्रासाची नोंद: कोणत्या मजल्यावर, कोणत्या वेळी, कोणत्या मार्गाने धूर येतो याची काही आठवड्यांची नोंद ठेवणे. अनेकदा जिन्यातील खिडकी उघडणे किंवा शाफ्टकडील झडपेला पंखा बसवणे यांनी त्रास कमी होतो. मात्र त्याने तो संपत नाही.

२. रहिवाशांचे मत: सदस्यांबरोबरच भाडेकरूंचेही मत अजमावणे. भाडेकरूला सभेत मताधिकार नसल्याने हा टप्पा औपचारिक प्रक्रियेत वगळला जाण्याचा संभव असतो.

३. सर्वसाधारण सभेचा ठराव: सामाईक जागांपुरता नियम ठरावाने करता येतो. नियमाची व्याप्ती, लागू होण्याची तारीख, तक्रार स्वीकारणारी व्यक्ती आणि उल्लंघनाचे परिणाम ठरावात स्पष्ट लिहिले जातात.

४. उपविधी दुरुस्ती: नियम सदनिकांच्या आत न्यायचा असल्यास उपविधीत दुरुस्ती करणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. अधिनियमाच्या कलम १३ नुसार निबंधकाकडे नोंदणी झाल्याशिवाय ही दुरुस्ती अमलात येत नाही.

५. करारांत अटीचा समावेश: यापुढील भाडेकरारांत तीच अट त्याच शब्दांत घालणे.

६. फलक व पूर्वसूचना: फलक लावून, प्रत्येक घराला लेखी कळवून आणि काही महिन्यांची मुदत देऊन नियम लागू करणे.

भाडेकरूंचे प्रकार आणि त्यांची स्थिती

महाराष्ट्रात ‘भाडेकरू’ या एकाच शब्दात कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे संबंध सामावले आहेत, आणि धूम्रपानमुक्तीचा नियम दोघांना वेगवेगळ्या प्रकारे लागू होतो.

पहिला वर्ग लिव्ह अँड लायसन्स कराराने राहणाऱ्या परवानाधारकांचा. हा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. याच अधिनियमाच्या कलम २४ अन्वये लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. साहजिकच धूम्रपानाविषयीची अट तोंडी न ठेवता करारात लिहिणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. अटीत गॅलरीचा समावेश आहे की नाही, पाहुण्यांना ती लागू आहे काय, आणि भिंती पिवळ्या पडल्यास वा पडद्यांना वास राहिल्यास रंगरंगोटीचा खर्च अनामत रकमेतून किती वळता होईल, हे स्पष्ट असल्यास घर सोडताना होणारे वाद टळतात. चालू कराराच्या मुदतीत नवी अट एकतर्फी लादता येत नाही. ती नूतनीकरणाच्या वेळी घालता येते.

दुसरा वर्ग पागडी पद्धतीच्या जुन्या संरक्षित भाडेकरूंचा. त्यांचा भाडेहक्क कायद्याने संरक्षित असून मालकाला त्यात स्वेच्छेने नव्या अटी घालता येत नाहीत. शेजाऱ्यांना उपद्रव वा त्रास देणारे वर्तन हे कलम १६ अन्वये घर रिकामे करून घेण्याचे एक कारण आहे. परंतु ते न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. चाळींमध्ये म्हणूनच परस्परसंमती हाच खरा मार्ग उरतो.

भाडेकरूची बाजू दोन्ही अंगांनी दुबळी असते. त्रास देणारा भाडेकरू असेल तर सोसायटी त्याच्या मालकाला नोटीस धाडते आणि करार न वाढवण्याचा उपाय हाताशी असतो. त्रास देणारा मालक आणि त्रास सोसणारा भाडेकरू असेल तर मात्र भाडेकरूला सभेत मत नसते आणि त्याची तक्रार त्याच्या घरमालकामार्फतच पुढे जाते. घरात दमेकरी मूल वा वृद्ध असल्यास अशा कुटुंबापुढे घर बदलण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि त्यासाठी नवी अनामत, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च सोसावा लागतो. म्हणून, भाडेकरूंची तक्रार थेट स्वीकारली जाईल अशी तरतूद ठरावातच असावी, आणि नियम मालक व भाडेकरू यांना सारखाच लागू असावा, ही अशा धोरणाची किमान कसोटी मानता येते. सदनिका भाड्याने देणाऱ्या सदस्याकडून घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्कही महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. धूम्रपानाच्या निमित्ताने केवळ भाड्याच्या सदनिकांवर वेगळा आकार बसवणे या मर्यादेच्या हेतूशी विसंगत ठरते.

नौपाड्यासारख्या भागात हा भेद कायमचाही नसतो. इमारत पुनर्विकासाला गेली की तिचे मालक रहिवासी विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यावर काही वर्षे जवळपासच्याच दुसऱ्या इमारतीत भाडेकरू म्हणून राहतात. मालक म्हणून केलेला नियम त्यांना भाडेकरू म्हणून पाळावा लागू शकतो.

अंमलबजावणी

कोटपाखालील दंड वसूल करण्याचा अधिकार केवळ प्राधिकृत अधिकाऱ्यांना असतो. सोसायटीचा सचिव वा पहारेकरी तो घेऊ शकत नाही. सोसायटी उपविधीनुसार सर्वसाधारण सभेने ठरवलेला दंड सदस्याच्या देयकात लावू शकते. मात्र त्यापूर्वी संबंधित सदस्याला लेखी सूचना देऊन त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते. सदस्य आणि संस्था यांच्यातील वाद अधिनियमाच्या कलम ९१ अन्वये सहकारी न्यायालयात नेता येतो.

प्रत्यक्षात नियम टिकतो तो दंडापेक्षा सोयीमुळे. आवारात खिडक्यांपासून दूर एखादी उघडी जागा ठरवून दिली तर जिन्यातील थोटके कमी होतात. परंतु जुन्या इमारतींभोवती पुरेशी मोकळी जागा नसल्याने नौपाड्यात हा उपाय सर्वत्र शक्य होत नाही. रात्रपाळीचा पहारेकरी हाच अनेकदा नियम मोडणारा आणि नियम राखणाराही असतो. त्यामुळे त्याच्याशी आधी बोलणे सोसायटीच्या हिताचे ठरते. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ पासून उपलब्ध असून, तिचा क्रमांक बंदीच्या फलकाशेजारी लावता येतो.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास विभागाच्या नियमानुसार तेथील सार्वजनिक गृहसंस्थांना जुलै २०१८ अखेरपर्यंत धूम्रपानबंदी लागू करावी लागली. ही बंदी सदनिकांच्या आत, बंदिस्त सामाईक जागांत आणि इमारतीपासून २५ फुटांच्या परिसरात लागू आहे. अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंवरच असे बंधन का, हा आक्षेप तेथे घेतला गेला. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल शहराने २०१२ मध्ये सामाईक भिंती असलेल्या घरांत, मग ती भाड्याची असोत वा मालकीची, धूम्रपानास मनाई करणारा नियम केला.

सिंगापूरमध्ये २०१३ पासून निवासी इमारतींचे व्हरांडे, जिने आणि तळमजल्यावरील सामाईक मोकळे भाग येथे धूम्रपानास बंदी आहे. घराचा अंतर्भाग मात्र मोकळा आहे. जपानमध्ये घरच्यांच्या त्रासामुळे गॅलरीत उभे राहून सिगारेट ओढणाऱ्यांना ‘काजव्यांची जमात’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखले जाते. तेथील नागोया जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये गॅलरीतील सततच्या धूम्रपानाबद्दल शेजाऱ्याला भरपाई देण्याचा निर्णय दिला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १६ जानेवारी २०१५ रोजी वेगळा मार्ग स्वीकारला. गॅलरीतील धूर शेजाऱ्यास लक्षणीय त्रासदायक असेल तर दोघांसाठी वेळा वाटून द्याव्यात, म्हणजे काही तास धूरविरहित आणि काही तास धूम्रपानास मोकळे ठेवावेत, असे या न्यायालयाने सुचवले. पूर्ण बंदीवर एकमत होत नसलेल्या इमारतींसाठी हा निर्णय विचारात घेण्याजोगा आहे.

टीका आणि मर्यादा

सदनिकेच्या आतील बंदीवर मुख्य आक्षेप खासगीपणाच्या हक्काचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. शेजाऱ्याच्या आरोग्याचा हक्कही अनुच्छेद २१ मधूनच येत असल्याने येथे एकाच अनुच्छेदाचे दोन पैलू परस्परांसमोर उभे राहतात. धूर घराबाहेर जात नाही तोवर पहिला आणि तो शेजारी शिरू लागल्यावर दुसरा प्रभावी ठरावा, असा समतोल सुचवता येतो.

दुसरा आक्षेप सुसंगतीचा आहे. डास पळवणारी एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. धूप व अगरबत्ती यांच्या धुरातही असे कण असतात. मग सिगारेटवरच बंदी का, असे विचारले जाते. तंबाखूच्या धुराचा कर्करोगाशी असलेला सिद्ध संबंध हे या प्रश्नाचे उत्तर असले, तरी जिन्यात कॉइल लावण्यासही तोच नियम लावणे अधिक न्याय्य दिसते.

तिसरा आक्षेप गैरवापराचा आहे. अविवाहित, विद्यार्थी किंवा परप्रांतीय भाडेकरू नकोत, हे उघडपणे सांगण्याऐवजी धूम्रपानाचे कारण पुढे केले जाऊ शकते. केवळ संशयावरून, घरात शिरून वा भाडेकरूंवरच पाळत ठेवून राबवलेला नियम आपला आरोग्यविषयक हेतू गमावतो. तक्रार लेखी असणे, ती धुराविषयी असणे आणि माणसाविषयी नसणे, तसेच मालक व भाडेकरू यांच्याबाबतच्या तक्रारींवर एकसारखी कार्यवाही होणे, या गोष्टींवर अशा धोरणाची विश्वासार्हता अवलंबून असते.